कोयरी उलटली, मग गालिचा धुतला: एका डागाचे चार डाग कसे झाले

संक्रांतीचं हळदीकुंकू, पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बैठकीत सहा बाय नऊ फुटांचा, हाताने गाठी मारलेला, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा लोकरी गालिचा. मधली जमीन मरून, तिच्यात गडद निळी वेलबुट्टी, कडेने आठ इंच रुंद क्रीम पट्टा, दोन्ही टोकांना सुती दशा. कोयरी उलटली ती नेमकी क्रीम पट्ट्यावर. दोन चमचे हळद आणि चमचाभर कुंकू, पसरलेलं साधारण तळहाताएवढ्या जागेत. (प्रकरण नमुन्यादाखल जुळवलेलं आहे, पण यातली एकही पायरी दुर्मीळ नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गालिचे धुणाऱ्यांकडे याच क्रमाने बिघडलेले नग येतात.)

पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून घेतलं. रात्री पाहुणे गेल्यावर अर्ध्या बादलीत, म्हणजे पाचेक लिटर गरम पाण्यात, मूठभर धुण्याची पावडर विरघळवून ब्रशने घासलं. पिवळा डाग घासता घासता विटकरी लाल झाला. गालिच्याचा मरून रंग सुटला असं वाटून धांदल उडाली. सकाळी मगभर पाण्यात कपभर ब्लीच घालून डागाच्या मध्यावर ओतलं आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. लाल गेलं. गालिचा अर्धवट ओला असतानाच गुंडाळून गॅलरीत उभा केला. तीन दिवसांनी उलगडला तेव्हा कुबट वास येत होता.

कोयरीने केलेला डाग एकच होता. उलगडलेल्या गालिच्यावर मात्र चार होते. मध्यभागी आठ बाय सहा इंचांचा फिका पिवळा चट्टा, हाताला खरखरीत लागणारा. त्याच्याभोवती विटकरी लाल कडं. मरून नक्षी जिथे क्रीम पट्ट्याला भिडते तिथे गुलाबी ओघळ. आणि त्या टोकाच्या दशा चहात बुडवल्यासारख्या तपकिरी. या चौघांना एकच औषध लावायचं म्हणजे पाचवा डाग पाडायचा. त्यामुळे आधी कोण कोण आहे ते ओळखणं आलं.

गालिचा कशाचा आहे

गालिच्याच्या पाठीमागून लवेचे दोन-तीन तंतू उपटून चिमट्यात धरून पेटवले. केस जळाल्याचा वास, ज्योत बाजूला घेतली की आपोआप विझणं, आणि बोटांत चुरडणारी काळी राख, म्हणजे लोकर. दशेचा धागा कागदासारखा जळला आणि मऊ करडी राख राहिली, म्हणजे ताणा, गाठी ज्यांवर मारतात ते उभे धागे, सुती. नायलॉन असतं तर वितळून टणक मणी झाला असता. पॉलिप्रॉपिलिनचा तंतू मेणबत्तीसारखा वास देत वितळतो. तो जाळायचाही कंटाळा असेल तर वाटीभर पाण्यात टाकावा. त्याची घनता ०.९१, त्यामुळे तो तरंगतो. लोकर, नायलॉन, पॉलिएस्टर, सूत भिजल्यावर बुडतात.

लोकर हे ओळखल्यावर निम्मं प्रकरण उलगडतं. लोकर म्हणजे केराटिन, केसांसारखंच प्रथिन. तिच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी बांधलेल्या असतात. तिला किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. धुलाईत पीएच (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली, असं माप) साडेचार ते साडेआठच्या मध्ये ठेवतात. मूठभर पावडरचं ते पाणी भरतं दहा ते साडेदहा. त्यात पाणी गरम, वर ब्रशची घासाघीस. गरम, अल्कली आणि रगड हे तिन्ही एकत्र आले की लोकरीवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लव नमद्यासारखी आवळते. शिवाय कपड्यांच्या पावडरींत अनेकदा प्रथिनं तोडणारं एन्झाइम घातलेलं असतं. रक्ताचे, दुधाचे डाग काढायला ते उत्तम, पण त्याला डाग कोणता आणि गालिचा कोणता हे कळत नाही. दोन्ही प्रथिनंच.

दोन लाल, एक पिवळा

लाल कड्यावर कापसाच्या काडीने व्हिनेगरचा एक थेंब ठेवला. दोन-तीन सेकंदांत थेंबाखालची जागा लख्ख पिवळी झाली. हा मरून रंग नव्हेच, ही हळद. साबण लागला की हळद लाल होते हे पंगतीत शर्टावर वरण सांडलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. हळदीत चुना कालवून लाल पाणी करतात तेही याच जोरावर. हळदीतलं कर्क्युमिन पीएच साडेसातच्या खाली पिवळं असतं, साडेआठच्या वर विटकरी. म्हणजे रात्री घरच्यांनी जो ‘सुटलेला रंग’ पाहिला तो सुटलेला नव्हता, आणि ब्लीचची बाटली उघडण्याचं कारणच खोटं होतं. रात्रीच लिंबाचे चार थेंब पिळून पाहिले असते तर गोष्ट तिथेच थांबली असती.

कडं पसरण्याचं कारणही तेच. हळद साध्या पाण्यात जवळपास विरघळत नाही. अल्कलीत ती थोडीफार विरघळते, म्हणून पावडरच्या पाण्याने तळहाताएवढा डाग परातीएवढा केला.

गुलाबी ओघळावर तसाच थेंब ठेवला. काही बदल नाही. हा मात्र खरा सुटलेला रंग. तो साध्या पाण्याने सुटतो की पावडरमुळे सुटला हे पाहण्यासाठी मरून भागावर, सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यात, दोन चाचण्या घेतल्या. पांढऱ्या सुती कापडाचे दोन चौकोन, एक साध्या पाण्यात आणि एक त्याच पावडरच्या तितक्याच दाट पाण्यात भिजवून, दहा मिनिटं वजनाखाली दाबून ठेवले. पाण्याचं कापड पांढरंच निघालं, पावडरचं गुलाबी. निळ्या भागावर दोन्ही कापडं स्वच्छ.

लोकरीचे गालिचे बहुतेक अ‍ॅसिड डायने रंगवतात. या रंगाचे कण ऋणभारित असतात. आम्लात लोकरीवर धनभाराच्या जागा तयार होतात आणि रंग तिथे चिकटतो. पीएच चढवत नेला की या जागा मिटत जातात, रंगाची पकड सुटते आणि तो जवळच्या पांढऱ्यावर जाऊन बसतो. रंगाऱ्याने आम्लात बसवलेला रंग अल्कलीत घासणं म्हणजे त्याचं काम उलट्या क्रमाने करणं. निळा टिकला कारण सगळे अ‍ॅसिड डाय सारखे नसतात. धातूचा अणू गुंफलेले, ज्यांना रंगारी मेटल कॉम्प्लेक्स म्हणतात, ते पुष्कळ घट्ट बसतात. एकाच गालिच्यात एक रंग पक्का आणि दुसरा कच्चा हे नेहमीचंच आहे. त्यामुळे चाचणी एका रंगावर घेऊन भागत नाही, दिसणाऱ्या प्रत्येक रंगावर घ्यावी लागते.

राहिला मधला पिवळा चट्टा. घरच्यांचं म्हणणं, थोडी हळद राहिली आहे, ब्लीचचा अजून एक हात फिरवावा. चट्ट्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. हळद असती तर लाल झाली असती, झाली नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेली काडी फिरवली, कापूस पांढराच राहिला. मग नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधारात धरली. कडं हिरवट पिवळं चमकलं, कारण कर्क्युमिन अतिनील प्रकाशात चमकतं. त्याच्याबाहेर वीतभर जागा निळसर पांढरी उजळली. पावडरीतलं कपडे ‘शुभ्र’ दाखवणारं द्रव्य तिथवर पोचलं होतं. मधला चट्टा या दोन्ही रंगांत चमकला नाही. तिथे हळद नाही. तो पिवळेपणा खुद्द लोकरीचा आहे.

घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण चार-पाच टक्क्यांचं, पीएच अकराच्या वर. मगभर पाण्यात कपभर घातलं तरी अर्ध्या टक्क्याच्या वरच राहतं. सुती चादरीला ते चालतं. लोकरीचे गंधकाचे पूल मात्र ते तोडतं. तंतू ओला असताना बुळबुळीत लागतो, वाळला की खरखरीत आणि पिवळट. उपटलेले चार तंतू वाटीतल्या निर्भेळ ब्लीचमध्ये टाकून ठेवले तर फेस येत ते विरघळूनच जातात. लोकर आणि रेशीम ओळखायची ही एक जुनी चाचणी आहे, रेशमासारखं दिसणारं व्हिस्कोस तिच्यात तग धरतं. कोणताही धुलाईवाला या पिवळ्याला परत क्रीम करू शकत नाही. हे गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधी, फोटो काढून, सांगून टाकावं. नंतर सांगितलं की ते निमित्त वाटतं.

दशांचा तपकिरी रंग त्या मानाने साधा. सुती धाग्यातले काही घटक अल्कलीच्या पाण्यात उतरतात, आणि वाळताना पाणी ज्या टोकाकडून उडतं तिथे जमून तपकिरी होतात. गालिचा गुंडाळून उभा ठेवला होता, पाणी खाली त्या टोकाला उतरलं.

क्रम का महत्त्वाचा

इथे पुढची पायरी सुचते ती व्हिनेगरची, कारण थेंबाने जादू दाखवलेली असते. पण ब्लीच उरलेलं असताना आम्ल ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो घशाला आणि फुप्फुसांना इजा करतो. अमोनियावाल्या क्लीनरशी ब्लीचची गाठ पडली तर क्लोरामाइन, तेही तसंच. या घरात ती चूक झाली नाही, आणि त्याचं श्रेय फक्त व्हिनेगर संपलं होतं याला.

म्हणून पहिली पायरी कोरडी. गालिचा पालथा घालून पाठीवर तळहाताने थोपटला, खाली जुनी चादर. पावडरचा आणि हळदीचा वाळलेला भुगा अजून गाठींच्या मुळाशी होता. चादरीवर पिवळी रेघ पडली. मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, फिरता ब्रश काढून नुसत्या नळीने. ही पायरी गाळली तर पुढचं प्रत्येक पाणी त्या हळदीला नव्याने भिजवतं.

दुसरी पायरी ब्लीचचा अंश मारण्याची. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची पट्टी ओली करून मधल्या चट्ट्यावर दाबली, निळसर झाली, म्हणजे अंश आहे. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटो धुणाऱ्यांचा हायपो, लिटरला १० ग्रॅम, साध्या पाण्यात. स्प्रेने भिजवून दहा मिनिटं, मग ओल्या व्हॅक्यूमने ओढून घेतलं, साध्या पाण्याने दोनदा खळबळून पुन्हा ओढलं. दुसऱ्या पट्टीला रंग आला नाही. हायपो पुरता निघून जायला हवा, कारण आम्लाशी गाठ पडली की तो फुटून गंधकाची पांढरी साय आणि उग्र वायू देतो. म्हणजे ब्लीच आणि आम्लाच्या मध्ये हायपो, आणि हायपो आणि आम्लाच्या मध्ये स्वच्छ पाणी.

तिसरी पायरी आम्लाची. एक भाग पांढरं व्हिनेगर, पाच भाग पाणी. स्प्रे, पाच मिनिटं, ओढून घ्या, पुन्हा. इथे गालिच्याने स्वतःच पीएच पट्टीचं काम केलं: पहिल्या हाताला कडं कुठेकुठे नारिंगी झालं, दुसऱ्या हाताला सगळं पिवळं, पण दहा मिनिटांत मुळाकडून पुन्हा लालसर चढायला लागलं. वरवरची अल्कली मेली होती, गाठींच्या बुडाची अजून वर येत होती. चौथ्या हातानंतर कडं पिवळं ते पिवळंच राहिलं. खऱ्या पट्टीने लवेवर साडेपाच दाखवलं, तिथे थांबलं. याच पाण्याने दशाही भिजवल्या, तपकिरी निम्म्याहून जास्त उतरला. उरलेल्यावर दुसऱ्या दिवशी सायट्रिक आम्ल, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरला पाच ग्रॅम, दहा मिनिटं लावून खळबळून काढलं. व्हिनेगर उडून जातं, सायट्रिक आम्ल उडत नाही, आणि सुतात राहिलं तर धागा कमजोर करतं. त्यामुळे धुऊन काढायचंच.

आता हळद. पिवळी झालेली हळद स्पिरिटमध्ये चांगली विरघळते. लाल असताना स्पिरिट लावण्यात अर्थ नव्हता, म्हणून हा क्रम. मरून भागावर स्पिरिटची चाचणी घेऊन, रंग हलत नाही हे बघून, ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या कापडावर घेतलं आणि कडेकडून मध्याकडे टिपत नेलं. घासायचं नाही, दाबायचं आणि उचलायचं. कापडाचा कोरा भाग प्रत्येक वेळी नवा. पंचवीसेक वेळा कापड बदलल्यावर उतारा मंदावला. कुंकवाचा कृत्रिम रंगही यातच बराचसा आला. कापडावर पिवळ्याबरोबर गुलाबी ठिपके दिसत होते. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवा विझवलेला.

शेवटचा जो हलका पिवळा राहिला तो उन्हावर सोडला. कर्क्युमिन उजेडात फुटतं, ही गोष्ट पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत घरोघरी माहीत आहे. गालिच्यावर दोन अटी लागतात. एक, बाकीचा गालिचा झाकलेला हवा. पुठ्ठ्याला डागाच्या आकाराची खिडकी कापून वर अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल. दुसरी अट सहसा कुणी पाळत नाही: पावडरीतलं ते चमकवणारं द्रव्य आधी निघालेलं हवं, नाहीतर ते लोकरीत असताना ऊन लागलं की लोकर उलट लवकर पिवळी पडते. म्हणून उन्हाआधी ती जागा लोकरीच्या उदासीन द्रव डिटर्जंटने, लिटरला पाच मिली, थंड पाण्यात धुतली, अतिनील टॉर्चखाली निळा उजेड मालवेपर्यंत. मग सकाळी दहा ते बारा, चार दिवस, रोज सुरुवातीला हलकं पाणी शिंपडून. चौथ्या दिवशी टॉर्चखाली हिरवट चमक फक्त दोन-तीन गाठींत उरली.

गुलाबी ओघळ

सगळ्यात नाजूक काम हे. परका रंग काढायचा आणि बोटभर अंतरावरचा स्वतःचा रंग राखायचा. आधी उदासीन डिटर्जंटच्या थंड पाण्याने टिपून जेवढं येईल तेवढं घेतलं. ताजा ओघळ असता तर इथेच भागलं असतं. तीन दिवस ओला राहून तो मुरला होता.

मग हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. लिटरला दहा ग्रॅम, कोमट पाण्यात, लागेल तेवढंच आणि लगेच वापरायचं. अर्ध्या तासात त्याचा जोर ओसरतो. हे ब्लीचच्या उलट, ऑक्सिजन देण्याऐवजी हिसकावणारं. अ‍ॅझो जातीच्या रंगांची मधली कडीच ते तोडतं आणि तो रंग परत येत नाही. दोन गाठींच्या ओळींमध्ये प्लास्टिकची पट्टी उभी खोचून मरून बाजू कोरडी ठेवली आणि क्रीम गाठींवर एकेक करून कापसाच्या काडीने लावलं. पाच मिनिटं, टिपणं, साधं पाणी, टिपणं. तीन फेऱ्यांत ओघळ गेला, फक्त नक्षीला चिकटलेल्या एका ओळीत फिकी छटा ठेवली. तिच्या मागे लागलं असतं तर मरून कडच पांढरी झाली असती. शेवटी पुन्हा व्हिनेगरचं पाणी, पण पातळ.

हायड्रोबद्दल दोन सूचना. डबा उघडा राहून त्यात ओल गेली तर पावडर आपोआप तापते, पेटूही शकते. म्हणून घट्ट झाकणाचा, कोरडा डबा आणि ओला चमचा कधीच नाही. आणि निळा भाग नीळीने रंगवलेला जुना गालिचा असेल तर हायड्रो जवळ नेऊ नये. नीळ त्यात विरघळून पिवळट हिरवी होऊन वाहते आणि हवा लागली की जिथे पोचली असेल तिथे पुन्हा निळी होते.

गालिचा दुसरा असता तर

हेच तीन प्रयोग, पावडर, ब्लीच, ओलं गुंडाळणं, सुती सतरंजीवर झाले असते तर रंगाचं काय ते झालं असतं, पण धागा जगला असता. यंत्रावर विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या गालिच्याचा रंग धाग्यात वितळतानाच मिसळलेला असतो, ब्लीचलाही तो सहसा दाद देत नाही. त्याचं वैर तेलाशी: तुपाचा, फोडणीचा डाग तो धरून ठेवतो, आणि इस्त्री किंवा जोरात ओढलेलं फर्निचरही त्याला वितळवतं. नायलॉन दिसायला दणकट, पण लोकरीसारखंच अ‍ॅसिड डायने रंगवलेलं आणि हळदीला तितकंच लोभी. ब्लीचने पिवळं पडतं.

सर्वात फसवं व्हिस्कोस. दुकानात ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी येतं आणि रेशमासारखं झळकतं. ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते, लव चपटी होऊन उठत नाही, आणि दशांसारखा तपकिरीपणा अख्ख्या अंगावर चढतो. नुसत्या पाण्याचा पेलाही त्यावर डाग ठेवून जातो. असा गालिचा घरी धुवायच्या भानगडीत पडू नये. टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता लव नुसती टोचून बसवलेल्या गालिच्याची पाठ वेगळ्या कारणाने बघावी: मागे कापड चिकटवलेलं असेल तर आत लॅटेक्स, म्हणजे रबरी डिंक, आहे, तो भिजून सुकला नाही तर वास मारतो आणि पुढे भुगा होऊन गळतो.

‘रंगीत कपड्यांना सुरक्षित’ असं लिहिलेल्या ऑक्सिजनवाल्या पावडरीवर लोकांचा फार विश्वास असतो. तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं. रंगाला ती ब्लीचपेक्षा सौम्य, हे खरं, पण पाण्याचा पीएच साडेदहाच्या आसपास नेते. लोकरीसाठी ती धुण्याच्या सोड्याचीच बहीण. रिठा मात्र लोकरीला मानवतो, त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. त्याची अडचण एवढीच की ते पाणी स्वतः तपकिरी असतं, आणि क्रीम पट्ट्यावर मळकट झाक ठेवतं.

पहिल्या दहा मिनिटांत काय हवं होतं

पाणी नको. हळद आणि कुंकू कोरडं आहे तोवर ते धूळच आहे. कागदाच्या दोन ताठ तुकड्यांनी वरचा ढीग उचलायचा, मग व्हॅक्यूमची नुसती नळी, लवेला न टेकवता, बोटभर वरून. मग चिकटपट्टी दाबून उचलायची. एवढ्याने दहातले नऊ भाग जातात. राहिलेल्या छटेवर स्पिरिट टिपायचं, आणि मग ऊन. ओलं फडकं फिरलंच असेल तर साबणाकडे न जाता व्हिनेगरचं पातळ पाणी, टिपून कोरडं. त्याच समारंभात गालिच्यावर चहा सांडला असता तरीही हाच नियम लागू पडला असता: चहातलं टॅनिन अल्कलीत गडद होऊन बसतं, आम्लात सैल राहतं.

वाळवणं आणि रफू

शेवटी सगळा गालिचा एकदा उदासीन डिटर्जंटने, तीस अंशांच्या आतल्या पाण्यात, लवेच्या दिशेने धुऊन, लिटरला ५० मिली व्हिनेगरच्या पाण्याने खळबळला. या मापाचा लोकरी गालिचा कोरडा असतानाच पंधरा-वीस किलो भरतो आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी हाताला ओली न लागता पिऊन बसते. त्यामुळे हात लावून ‘सुकला’ म्हणायचं नाही. विटांवर बांबू टाकून आडवा ठेवला, खाली-वर दोन पंखे, दर चार तासांनी पालथा. जानेवारीच्या कोरड्या हवेत दीड दिवस लागला. हेच जुलैत करायचं असेल तर एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर लावल्याशिवाय गालिचा भिजवूच नये.

मधला चट्टा तसाच राहिला. रंग देऊन तो झाकता येईल का हे पाहायला, त्याच चट्ट्यातून काढलेले चार तंतू आणि चांगल्या क्रीम भागातले चार तंतू एकाच रंगाच्या वाटीत ठेवले. चट्ट्याचे तंतू दुप्पट गडद निघाले. क्लोरीन लागलेल्या लोकरीचे खवले उघडे पडतात, ती रंग झपाझप आणि जास्त पिते. म्हणजे रंग दिला तर पिवळ्याऐवजी तपकिरी चट्टा, तोही ठिपक्याठिपक्यांचा. मग रफूगर. ४८ चौरस इंच, चौरस इंचाला सुमारे शंभर गाठी, म्हणजे ४,८०० गाठी. जुन्या गाठी मागून काढताना ताण्याचे सुती धागे ओढून पाहिले, तुटले नाहीत. सुतावर ब्लीचचा मार लोकरीइतका नव्हता. नवं लोकरी सूत मिळवताना दुकानातलं क्रीम फार पांढरं निघालं, कारण गालिच्याचं क्रीम वर्षानुवर्षांच्या उजेडाने उतरलेलं होतं. त्यामुळे सूत आधी फिक्या बदामी रंगात, आम्लाच्या पाण्यात रंगवून घेतलं आणि त्यावरही दहा मिनिटांची पांढऱ्या कापडाची चाचणी घेतली. नव्या गाठींची लव मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंच ठेवली आहे. पायाखाली दबून ती खाली बसली की कातरीने बरोबरीला आणायची, तोवर तेवढी जागा हाताला उंचवटा लागेल.